गच्चीवरचं पातळ सिलिकॉन

माझी मैत्रीण पहिल्यांदा बालाघाटला आली ती गोंदियाहून छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीने, उभ्याने. बसायला जागा नव्हती असं नाही. पण तिच्याजवळ एक चपटी लाकडी पेटी होती. ती बाकावर ठेवली की गाडीचे सगळे हादरे तिला बसणार, आणि हातात धरून उभं राहिलं की निम्मे हादरे हातच खातील, असा तिचा हिशेब होता. मी स्टेशनवर घ्यायला गेले तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत बधिर झाले होते. ऑटोवाला पेटी मागे टाकायला पुढे झाला, तशी ती घाईने म्हणाली, "भैया, इसे रहने दो. तुम बस धीरे चलाओ." आणि पेटी छातीशी धरून ती ऑटोत बसली. माझ्याशी धड बोलली ती घरी पोचल्यावर.

नागपूरला एम.एस्सी. करताना आम्ही दोघी होस्टेलच्या एका खोलीत होतो. ती यवतमाळकडची, मी बालाघाटची. माझे वडील इथेच कलेक्टर कचेरीत होते, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, त्यामुळे माझ्या मराठीला ती कायम हसायची. अभ्यासात ती माझ्या पुष्कळ पुढे होती. याचं मला कधी वाईट वाटलं नाही, किंवा वाटलं असलं तर मी ते स्वतःला कळू दिलं नाही. पुढे ती एका मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेत गेली. मी बालाघाटच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले आणि गावातच लग्न झालं. नवरा वकील, घर कोर्टाच्या मागच्या बाजूला, आणि घरात सासूबाई. हे सगळं नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतलं आहे.

त्या पेटीत तिने स्वतः तयार केलेले चार सोलर पॅनल होते. प्रत्येक शाळेतल्या पाटीएवढा. तेव्हा सिलिकॉन फार महाग होतं. ज्या सिलिकॉनपासून सौर सेल करतात त्याची मोठी कांडी असते आणि तिचे करवतीने काप काढतात. लाकूड कापताना भुसा पडतो तसा सिलिकॉनचाही पडतो, आणि एवढं शुद्ध केलेलं महागाचं सिलिकॉन भुसा होऊन वाया जातं. शिवाय काप जाड ठेवावे लागतात, नाहीतर मोडतात. मैत्रिणीचं म्हणणं असं की उजेड पकडायला एवढी जाडी लागतच नाही. स्वस्तातल्या सिरॅमिकच्या फरशीवर सिलिकॉनचा अगदी पातळ थर चढवायचा. थर पातळ असला की उजेड आरपार निघून जातो, म्हणून तो खालून खरबरीत करायचा, म्हणजे उजेड आत शिरला की इकडून तिकडे आपटत राहील आणि बाहेर पडायच्या आत कामाला येईल. हे ती सांगायची तेव्हा स्वयंपाकघरातला पोळपाट, डब्याचं झाकण, हाताला येईल ते घेऊन दाखवायची.

सरकारच्या एका खात्याने तिला यासाठी अनुदान दिलं होतं. ठराविक मुदतीचं होतं ते. मुदत संपली की तज्ज्ञ येऊन पाहणार आणि पुढचं ठरवणार. तिच्या प्रयोगशाळेत नकली सूर्य होता, दिव्यांचा. त्याच्यासमोर तिचे सेल छान चालत. पण त्या सूर्याला धूळ माहीत नव्हती, पाऊस माहीत नव्हता. तिला एक असं गाव हवं होतं जिथे उन्हाळा भाजून काढतो, पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ओल राहते, हिवाळ्यात सकाळी नदीवरून धुकं येतं आणि राईस मिलच्या कोंड्याची राख वाऱ्यावर उडते. असं गाव म्हणजे आमचं गाव. आणि रोज दुपारी मीटर लावून किती वीज निघते त्याचे आकडे घ्यायला तिला भरवशाचं माणूस हवं होतं.

"कॉलेजच्या गच्चीवर लावू की," मी म्हणाले.

"कॉलेजला सुट्ट्या असतात. तुझ्या घराला नसतात."

अशा रीतीने ते पॅनल आमच्या गच्चीवर आले. अडचण सासूबाईंची होती. दक्षिणेकडचा कोपरा, जिथे दिवसभर ऊन असतं, तो त्यांचा होता. मुंगवड्या, कुरडया, मिरच्या, सगळं तिथे वाळायचं. मी कसं विचारावं या विचारात होते तोवर मैत्रिणीने त्यांना वर नेलं आणि सगळं समजावून सांगितलं, पोळपाटासकट. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि आपली वाळवणाची खाट स्वतःच ओढून पलीकडे लावली. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही पोरगी लेकरासारखं घेऊन आली ते गाडीतून. मले काय, मिरच्या कुठंबी वाळते."

मैत्रीण दोन दिवस राहून गेली. जाताना बजावून गेली की दोन पॅनल रोज पुसायचे आणि दोन अजिबात पुसायचे नाहीत, धुळीने किती फरक पडतो ते बघायचंय. हे मात्र सासूबाईंना पटलं नाही. "मुद्दाम घाण ठेवाले सांगते, अशी कशी शिकेल हाय तुही मैत्रीण?" असं त्या कितीतरी दिवस म्हणत होत्या, आणि माझी पाठ वळली की चारही पुसून ठेवत. शेवटी मी त्यांना सांगितलं की ते न पुसणं हेसुद्धा एक काम आहे आणि ते तुमच्याकडे दिलंय. मग त्यांनी ते नेटाने केलं. शेजारच्या बाईने एकदा मदत म्हणून फडकं मारलं तर त्या तिच्यावर चिडल्या.

पहिलं वर्ष फार आनंदात गेलं. मी कॉलेजातून दुपारी घरी यायची, पदर डोक्यावर घेऊन गच्चीवर जायची, आकडे उतरवायची आणि महिन्याच्या शेवटी पोस्टाने पाठवायची. उन्हाळ्यात मीटरच्या तारा हाताला चटके देत. आकडे चांगले होते. मैत्रीण रविवारी एसटीडीवरून फोन करायची आणि आम्ही आधी आकड्यांवर बोलायचो, मग घरच्यांवर, मग पुन्हा आकड्यांवर. दुसऱ्यांदा आली तेव्हा तिने एक पॅनल एका लहान बॅटरीला जोडून दिला आणि स्वयंपाकघरात छोटा दिवा लावला. त्या काळात आमच्याकडे लाईट जायची ती केव्हा येईल ते वीज मंडळालाही सांगता येत नसे. सासूबाई त्या उजेडात कणीक मळत आणि कोणी आलं की सांगत, "हे आमच्या छतावरची लाईट हाय."

दुसऱ्या पावसाळ्यात मला एका पॅनलच्या कडेला काहीतरी पांढुरकं दिसलं. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यात मोतीबिंदू यायला लागतो, तसं. मला वाटलं आत वाफ धरली असेल, ऊन पडलं की जाईल. ऊन पडलं, ते गेलं नाही. उलट आतून केसासारखी एक रेघ निघालेली दिसली. काही आठवड्यांनी दुसऱ्या पॅनलवर तसंच. सिरॅमिक आणि सिलिकॉन उन्हात सारखे फुगत नाहीत. आमच्याकडचा उन्हाळा त्यांना एकमेकांपासून ओढत होता आणि मग त्या फटीतून पावसाची ओल आत जात होती. एवढं फिजिक्स मला येत होतं. आकडेही खाली यायला लागले.

आकडे मी जसे होते तसेच पाठवले. त्याखाली एक ओळ लिहिली, की कडेला थोडं पांढुरकं दिसतंय. रविवारी फोनवर तिने विचारलं, "ढग होते का गं?" मी म्हणाले, ढग होतेच, पण ऊन होतं त्या दिवसांचे आकडेही कमीच आहेत. ती म्हणाली, बघू, ओल सुकली की चढतील. तिच्या आवाजात उत्साह होता. नुकतेच तिला दोन विद्यार्थी मिळाले होते, नवीन भट्टी आली होती. मला जे वाटत होतं ते मी त्यावर बोलले नाही. मला वाटत होतं की हे पॅनल आमच्या हवेत टिकणार नाहीत. पण ते माझं वाटणं होतं. ती शास्त्रज्ञ होती आणि मी आकडे उतरवणारी. आकडे तिच्याकडे होते. त्यातून काय निघतं ते तिला दिसतच असेल, असं मी धरून चालले. आणखी एक गोष्ट होती. त्या रविवारच्या फोनची मी आठवडाभर वाट बघायची, आणि तो फोन मला खराब करायचा नव्हता.

थंडीत तज्ज्ञ आले. दोघेजण, दिल्लीहून, सोबत मैत्रीण. त्यातले एक तरुण होते, त्यांना गोंदियाची परतीची गाडी चुकू नये याची काळजी होती. दुसरे वयस्क होते, पांढऱ्या केसांचे, फार हळू बोलणारे. गच्चीवर सासूबाईंचं वाळवण पसरलेलं बघून त्यांनी जिन्यातच बूट काढले. भिंगातून त्यांनी एकेक पॅनल बराच वेळ पाहिला. मैत्रिणीने काही लपवलं नाही. रेघा तिने स्वतः दाखवल्या. सिरॅमिक आणि सिलिकॉनच्या मधे आणखी एक थर दिला तर दोघांची ओढाताण तो थर सोसेल, त्यावर काम सुरू केलंय, असं ती म्हणाली. तिने इतकं स्वच्छ मांडलं की घड्याळ बघणारे ते तरुण गृहस्थही ऐकत उभे राहिले. मला तिचा अभिमान वाटला.

खाली सासूबाईंनी पोहे केले होते. आम्ही जिना उतरू लागलो. पुढे ते वयस्क गृहस्थ, मागे मी, माझ्या मागे मैत्रीण. मधल्या पायरीवर ते थांबले आणि मागे वळून मला म्हणाले,

"मैडम, आप तो इन्हें रोज़ देखती हैं. मान लीजिए बाज़ार में आ जाएँ, तो आप अपने घर के लिए लेंगी?"

"अभी नहीं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, आभार मानले आणि ते उतरू लागले.

एवढंच झालं. त्याला किती वेळ लागला असेल, पोह्यांवर कोथिंबीर टाकायला लागतो तेवढा. मी ते पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. उत्तर खोटं नव्हतं. आजही मला कोणी त्या पॅनलविषयी विचारलं तर मी तेच सांगेन. पण माझा जोर पहिल्या शब्दावर होता, आत्ता नाही, थोडं थांबा, ही बाई ते करून दाखवेल. हे पुढचं मी बोलले नाही. का बोलले नाही? घाईत सुचलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. ते पूर्ण खरं नाही. इतके दिवस मी फक्त आकडे पाठवत होते. माझं मत मला कोणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी दिल्लीहून आलेल्या एका मोठ्या माणसाने ते विचारलं, आणि मी किती चटकन आणि किती ठामपणे उत्तर देऊ शकते हे मला त्याला दाखवायचं होतं. लांब उत्तर दिलं असतं तर ते तेवढं ठाम दिसलं नसतं.

पोहे खाताना मैत्रीण सासूबाईंशी बोलत होती. स्टेशनवर निघताना तिने माझा हात हातात घेतला, नेहमीसारखाच. मला वाटलं, तिने ते ऐकलं नसावं. ती तर माझ्या मागच्याच पायरीवर होती.

काही आठवड्यांनी फोन आला. अनुदान पुढे चालू राहणार नव्हतं. कारणं तिने मला सांगितली. काम चांगलं आहे, पण बाहेरच्या हवेत टिकत नाही. मधल्या थराची कल्पना अजून कागदावर आहे. आणि रोज वापरणाऱ्या व्यक्तीचंही अनुकूल मत नाही. हे शेवटचं ती सांगून गेली आणि त्यावर थांबली नाही, लगेच सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल विचारलं. मी म्हणाले, "ऐक ना, मी त्यांना," आणि ती म्हणाली, "असू दे गं. एसटीडीवर नको."

तिची भट्टी संस्थेतल्या दुसऱ्या विभागाला गेली. तिच्या दोन विद्यार्थ्यांपैकी एक परदेशात गेला, दुसरी बँकेच्या परीक्षा देऊ लागली. मैत्रीण वर्षभर तिथेच कोणाच्या तरी हाताखाली काम करत राहिली आणि मग एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागली. म्हणजे माझ्यासारखीच झाली. हे वाक्य लिहितानाही मला बरं वाटत नाही. रविवारचे फोन महिन्यावर आले, मग दिवाळीवर.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं वकिलाचं होतं.

"साक्षीदाराने विचारलं तेवढ्याचं खरं उत्तर द्यायचं असतं. तू दिलंस. मग झालं."

"न विचारलेलंही सांगता येतं की."

"कोर्टात नाही."

"ते कोर्ट नव्हतं ना पण," मी म्हणाले. "आपला जिना होता."

त्यांनी पेपर खाली ठेवला.

मग मी त्या वयस्क गृहस्थांना पत्र लिहिलं, हिंदीत. माझ्या 'अभी'चा अर्थ समजावून सांगितला. मला वाटलं होतं उत्तर येणार नाही. पण आलं, आणि फार सौजन्याचं आलं. त्यांनी लिहिलं होतं की पैसा थोडा होता, मागणारे पुष्कळ होते, सगळे चांगले होते, आणि निर्णय केवळ आपल्या उत्तरावर झालेला नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नये. माणसाने चांगुलपणाने लिहिलं होतं. माझ्या मनात राहिला तो त्यांचा 'केवळ'. केवळ माझ्या उत्तरावर नाही, म्हणजे माझ्याही उत्तरावर.

पॅनल गच्चीवरच होते. मैत्रीण म्हणाली होती, कॉलेजला देऊन टाक. मी कॉलेजला दिले नाहीत. आकडे घेणं मात्र थांबवलं होतं. वर गेले की मी त्या कोपऱ्याकडे पाठ करून कपडे वाळत घालायची. पुसायचं काम सासूबाई करतच राहिल्या, पुसायचे ते दोन पुसत आणि न पुसायचे ते दोन सोडून देत. मी एकदा म्हणाले, "आई, आता चारही पुसले तरी चालतील. किंवा नाही पुसले तरी." त्यांनी विचारलं, काम संपलं का? मी हो म्हणाले. त्या जरा वेळ फडकं हातात घेऊन बसल्या.

"मंग तुही मैत्रीण काहून येत नाही आता?"

तेव्हा मी त्यांना सांगितलं. जिन्यावरचा प्रश्न, माझं उत्तर, त्यानंतर काय झालं ते. सासूबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांच्यासमोर उगाच रडता येत नसे, त्या कारण विचारत.

"खोटं बोलली का तू?"

"नाही."

"मंग?"

"खरं बोलले, पण तिचं नुकसान झालं."

"तिले बोलव," त्या म्हणाल्या. "फोनवर नको. घरी बोलव आन् तिच्या तोंडाकडं पाहून बोल."

मी हो म्हटलं आणि बोलावलं नाही. यंदा परीक्षांचं काम आहे, पुढच्या सुट्टीत बोलावू, असं करत वर्षं गेली. सासूबाईंनी दोनतीनदा आठवण केली, मग सोडून दिलं.

सासूबाई गेल्या तेव्हा छोट्या लाईनचे रूळ काढून मोठी लाईन टाकायचं काम सुरू झालं होतं. मी मैत्रिणीला कळवलं ते फक्त कळवायचं म्हणून. तेरवीच्या सकाळी ती दारात उभी होती. गोंदियाहून बसने आली होती. केस बरेच पिकले होते, चष्मा जाड झाला होता. ती आधी सासूबाईंच्या फोटोसमोर गेली, नमस्कार केला, आणि मग पदर खोचून सरळ पंगतीत वाढायला लागली. दुपारपर्यंत आमचं बोलणं झालं ते वरण कुठे आहे आणि कढी पुरेल का, एवढंच.

पाहुणे गेले. मोठी पातेली अंगणात घासायला पडली होती. आम्ही दोघी मागच्या ओट्यावर बसलो. मी ठरवलं होतं की आज बोलायचं, आणि तरी सुरुवात करायला मला फार जड गेलं. मी म्हणाले, त्या दिवशी मी जे बोलले त्याने तुझं काम बुडालं, मला ते इतकी वर्षं खातंय, मी पुढचं वाक्य बोलायला हवं होतं. बोलताना मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

तिने खोचलेला पदर सोडून हात पुसले. मग म्हणाली, "तू बोललीस ते मी ऐकलं होतं. मला त्याचा राग आला नाही. तू खरंच बोललीस. मी तुझ्या जागी असते तर मीपण नाहीच म्हणाले असते."

मला हायसं वाटायला लागलं होतं.

"पण तुला ते आधीपासून वाटत होतं ना? पावसाळ्यापासून?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस? तुझं मत मी त्या जिन्यावर पहिल्यांदा ऐकलं. त्या माणसाच्या मागे उभी राहून."

मी म्हणाले, आकडे पाठवत होते, पांढुरक्या कडेचंही लिहिलं होतं. ती म्हणाली, "आकडे मला नकली सूर्यही देत होता गं. तुझ्याकडे मी पेटी घेऊन आले ती तू होतीस म्हणून." तिचा आवाज चढला नव्हता. ती समोरच्या पातेल्यांकडे बघत बोलत होती. "मी वेडी झाले होते तेव्हा, नवीन भट्टी, नवीन पोरं. मला आकडे दिसत होते आणि मी ते ओलीवर ढकलत होते. एका माणसाने मला म्हणायला हवं होतं की बाई, हे टिकत नाही. ते तू म्हणायचं होतंस."

"म्हणाले असते तर काय केलं असतंस?"

"पाहणी पुढे ढकलायला सांगितली असती. मुदत मागितली असती. मधला थर घालून बघितला असता." ती थोडं हसली. "बहुतेक तोही फुटला असता. बाहेर जगात लोकांनी दुसराच रस्ता धरला, करवतीच्या जागी बारीक तार वापरून काप पातळ काढायला लागले. माझी वाट कदाचित बंदच होती. पण मग ते माझ्या हातून फुटलं असतं, आणि मला कळलं असतं की बंद आहे. आता ते मला कधीच कळणार नाही."

इतकी वर्षं मी जे ओझं वाहत होते ते चुकीच्या गोष्टीचं होतं, हे मला त्या ओट्यावर कळलं. जिन्यावरच्या दोन शब्दांसाठी मी नवऱ्याशी बोलले, दिल्लीला पत्र लिहिलं, सासूबाईंना सगळं सांगितलं. ज्या पावसाळ्यात मी काहीच बोलले नाही त्याचा मी कधी विचारही केला नव्हता. तो पावसाळा मला उलट चांगुलपणाचा वाटत आला होता. मैत्रिणीचं मन मोडायला नको म्हणून गप्प राहिले, असा. तिला मी काय उत्तर देणार होते? की तुझा रविवारचा फोन मला प्रिय होता? ते मी तिला सांगितलं. तिने ऐकलं. "मलापण होता," ती म्हणाली, आणि उठून पातेली घासायला बसली. मी तिला नको म्हणाले तरी तिने ऐकलं नाही. मग मी राख आणि काथ्या घेऊन तिच्या शेजारी बसले.

माफ केलं, असं ती म्हणाली नाही, आणि मीही तसं विचारलं नाही. तिचा तसा स्वभावच नव्हता, आणि खरं सांगायचं तर तिने म्हटलं असतं तरी मला ते घेता आलं नसतं. ती दोन दिवस राहिली. एका संध्याकाळी आम्ही वैनगंगेच्या पुलापर्यंत चालत गेलो, दुसऱ्या दिवशी तिच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका दोघींनी मिळून तपासल्या. तिची तक्रार होती की पोरं आता प्रयोगाचे आकडे एकमेकांचे बघून लिहितात. मी म्हणाले आमच्याकडेही तेच. आम्ही हसलो.

तेव्हापासून फोन पुन्हा सुरू झाले आहेत, दर रविवारी नाही, पण नेमाने. ती आता मला प्रत्येक गोष्टीत मत विचारते. नोकरी बदलू का, आईला गावाहून आणू का, अमुक मुलाला पुढे शिकायला पाठवू का. मी क्षणभरही न थांबता जे वाटतं ते सांगते, कधी कधी फार कडू सांगते. मागे तिने विचारलं की नवीन कॉलेजात विभागप्रमुखाची जागा देतायत, घेऊ का. मी म्हणाले, नको घेऊ, तुला माणसं सांभाळता येत नाहीत. ती म्हणाली, बरं. दोघी नुसत्या फोन कानाला लावून बसलो होतो. मग तिने विचारलं, तुमच्याकडे लाईट आहे का आज, आणि मी म्हणाले, आहे.